कळशीभर लाइट

आमच्याकडे लाइट गेली की पहिला प्रश्न ‘कधी येणार’ हा नसतो. ‘सगळ्यांची गेली की आपलीच?’ हा असतो. सगळ्यांची गेली असेल तर माणूस निवांत होतो, पंचानं वारा घेत बसतो. आपलीच गेली असेल तर घरात गुन्हेगार शोधायला सुरुवात होते. इस्त्री कुणी लावली होती, गीझर कुणी विसरलं, वगैरे. पूर्वी ओटीवर येऊन समोरच्या वाडीकडे नजर टाकली की निकाल लागायचा. आता घरोघर इन्व्हर्टर झाले. समोरचा दिवा तारेवर जळतोय की बॅटरीवर, हे लांबून काही कळत नाही. मग ओरडून विचारावं लागतं. समोरचे काकाही तिकडून ओरडतात, ‘‘इन्व्हर्टरवर आहे होऽऽ!’’ त्या ‘हो’मध्ये माहिती थोडी आणि ऐट जास्त असते.

दापोलीपासून थोडं आत आमचं गाव. मिरग लागला की पहिल्या चार सरींतच कुठली तरी फांदी तारेवर येते, कुठे जंपर तुटतो, कुठे डीपीवरचा फ्यूज उडतो. मग आमचा वायरमन रेनकोट घालून, हातात बॅटरी आणि बांबू घेऊन, चिखलातनं लाइन बघत फिरतो. फॉल्ट नेमका सड्यावर असतो आणि वायरमन खाली खाडीकाठी असतो. त्याच्याबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. तक्रार आहे ती आंब्याफणसांबद्दल, आणि ते आमचेच आहेत.

तर जिन्याखाली आमचाही एक इन्व्हर्टर होता. त्याची ट्युब्युलर बॅटरी दोन माणसांनी ‘हां, हां, सांभाळ’ करत आणून ठेवली होती. त्यानंतर तिला कुणी हलवलं नाही, कारण ती साठ किलोची होती आणि ते दोघे निघून गेले होते. तिला दर दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर पाजायचं असतं. हे काम घरात माझ्याकडे होतं, म्हणजेच ते होत नव्हतं. एकदा पाण्याचे तरंगते खुंट अगदी तळाला गेलेले दिसले आणि कॅनमध्ये पाणी नव्हतं. आई म्हणाली, ‘‘पागोळ्यांचं घाल की. आभाळाचं पाणी, त्याहून शुद्ध काय असतं?’’ आभाळातून निघताना ते शुद्ध असतं यात वाद नाही. पण कौलावरचं शेवाळ, चिमण्यांची घरटी आणि पन्हळीचा गंज एवढी तीर्थक्षेत्रं करून ते खाली येतं. मी घातलं नाही असं मी सगळ्यांना सांगितलं आहे.

या वर्षी मे महिन्यात बॅटरीनं मान टाकली. लाइट गेल्यावर पूर्वी चार तास चालायची, ती पंधरा मिनिटांवर आली. पंधरा मिनिटांनी इन्व्हर्टर टुंऽ टुंऽ करून सगळ्या घराला कळवायचा की आता मी थांबतो. पंखा तर पहिल्यापासूनच त्याच्यावर कण्हायचा. आमचा इन्व्हर्टर जुन्या पद्धतीचा, चौकोनी लहरींचा. त्या लहरींवर पंखा फिरतो, पण घूंऽऽ असा आवाज करत, एखाद्याला मनाविरुद्ध कामाला लावल्यासारखा.

तेव्हा बॅटरी बदलायला म्हणून दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, ‘‘भाऊ, आता बॅटरी कुठं घेता? पॉवर स्टेशन घ्या.’’

आमच्या तालुक्यात पॉवर स्टेशन हा शब्द जपून वापरायला हवा. दाभोळ आमच्याच तालुक्यात, आणि खाडी ओलांडली की गुहागरच्या बाजूला एन्‍रॉनचा तो सुप्रसिद्ध प्रकल्प. कागदावर २१८४ मेगावॉटचा. त्याचा पहिला टप्पा १९९९ साली सुरू झाला आणि २००१ साली प्रकल्प बंद पडला. त्या वर्षअखेरीस तिकडे अमेरिकेत मूळ कंपनीनंच दिवाळं काढलं. पुढे तो सरकारी कंपनीच्या हाती जाऊन पुन्हा सुरू झाला, ते सगळं खरं. पण पॉवर स्टेशन म्हटलं की आमचा माणूस आधी खिसा चाचपतो.

दुकानदारानं टेबलावर एक करडा डबा ठेवला. वर कडी, पुढे चार भोकं, मधोमध हिरव्या आकड्यांची पाटी. ‘‘उचलून बघा.’’ उचलला. बारा-तेरा किलो असेल. म्हणजे तांदळाची छोटी गोण. ‘‘लिथियम आयर्न फॉस्फेट,’’ तो म्हणाला. ‘‘पाणी नाही, ॲसिड नाही, वास नाही. आणि केवढी पॉवर! तीन लाख वीस हजार एमएएच!’’

मी आदरानं डबा खाली ठेवला. तीन लाख! मग सहज विचारलं, ‘‘आणि ती ट्युब्युलर?’’

‘‘ती दीडशे एएच.’’

एक एएच म्हणजे हजार एमएएच, एवढं मला मोबाइलमुळे ठाऊक होतं. म्हणजे ती दीड लाख, हा तीन लाख. दुप्पट! घरी येईपर्यंत मी याच भ्रमात होतो. रात्री कागद घेऊन बसलो तेव्हा गोम कळली. ट्युब्युलर बॅटरी बारा व्होल्टची. दीडशे गुणिले बारा, अठराशे वॉट-तास. या डब्यातली आकडेवारी मात्र एकेका पेशीच्या व्होल्टनं मोजलेली, आणि ती पेशी ३.२ व्होल्टची. तीनशे वीस गुणिले ३.२, एक हजार चोवीस वॉट-तास. म्हणजे दुप्पट सोडाच, निम्म्याच्या जरा वर. हे आईला समजावताना मी म्हणालो, ‘‘एकानं दीडशे हंडे सांगितले, दुसऱ्यानं तीनशे वीस तांबे.’’ आई म्हणाली, ‘‘मग पाणी किती ते विचारायचं. भांडी काय मोजतोस?’’

या एका वाक्यात सगळं वीजशास्त्र आलं. वॉट-तास विचारायचे, बाकीचं सोडून द्यायचं. पण आईचं वाक्य डब्याच्या खोक्यावर छापलेलं नसतं. खोक्यावर असतात ते तांबे.

ट्युब्युलरचा आकडाही तसा गंगाजळासारखा पवित्र नाही, हे दुसऱ्या दुकानात कळलं. ते दीडशे एएच वीस तासांच्या हिशेबानं लिहिलेले असतात. म्हणजे वीस तास थेंबथेंब वीज घेतलीत तर दीडशे. चार तासांत ओढायला गेलात तर ती तेवढी देत नाही. शिवाय पार तळापर्यंत उपसली तर लवकर मरते, म्हणून निम्मी-पाऊणच वापरायची. लिथियमवाला डबा जवळजवळ तळापर्यंत उपसता येतो. मात्र बारा-पंधरा टक्के वीज आतल्या आतच, डीसीची एसी करताना, खर्ची पडते. हजार चोवीसमधून हाताला लागायचे साधारण आठशे सत्तर. हा हिशेब केला तेव्हा मला दोन्ही वस्तूंबद्दल सारखंच वाटू लागलं, आणि तेही फारसं चांगलं नाही.

आणि मग ती गोष्ट डोळ्यांपुढे आली, जी दुकानदार कधी बोलत नाही. हजार वॉट-तास म्हणजे एक युनिट. लाइट बिलावर लिहिलेलं असतं ते, एक, साधं युनिट. दहा-बारा रुपयांचं. ते ठेवायला हा डबा, किंमत पंच्याऐंशी हजार. दहा रुपयांची मिरची ठेवायला गोदरेजचं कपाट घेतल्यासारखं झालं.

एवढ्यात अमेरिकेतल्या पुतण्याला बातमी लागली. तो टेक्ससमध्ये ऑस्टिनला असतो. व्हिडिओ कॉलवर म्हणाला, ‘‘काका, मला आधी विचारायचंत. माझ्याकडे आहे ना.’’ मग त्यानं त्याचा डबा दाखवला. गॅरेजात, चाकांवर, आमच्या फ्रीजच्या उंचीचा. खाली जादा बॅटरी जोडलेली. तिकडे लाइट जाते का, हा प्रश्न आईला पडणं साहजिक होतं. जाते. २०२१ च्या फेब्रुवारीत टेक्ससमध्ये अशी थंडी पडली की गॅसच्या नळ्या आणि वीजकेंद्रं गारठली. टेक्ससची ग्रिड बाकीच्या अमेरिकेपासून जवळपास वेगळी, त्यामुळे शेजाऱ्यांकडून उसनवारीही फारशी नाही. पंचेचाळीस लाखांच्या वर घरं आणि दुकानं अंधारात गेली. पुतण्यानं तीन दिवस गाडीत बसून मोबाइल चार्ज केला आणि चौथ्या दिवशी हा डबा मागवला.

त्यातली गंमत अशी की या डब्याच्या आतलं जे रसायन आहे, लिथियम आयर्न फॉस्फेट, ते बॅटरीला चालतं हे दाखवून दिलं ऑस्टिनच्याच विद्यापीठात, जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९९७ च्या सुमाराला. लिथियम बॅटऱ्यांवरच्या कामासाठी गुडइनफना पुढे २०१९ साली नोबेल मिळालं, तेव्हा ते सत्त्याण्णव वर्षांचे होते. इतक्या वयात नोबेल दुसऱ्या कुणालाच मिळालेलं नाही. म्हणजे जिथे दिवा साठवायची युक्ती सापडली, तिथेच चोवीस वर्षांनी अंधार. गावात विहीर खणणारा तहानलेला राहावा तसं. आईनं यावर एवढंच विचारलं, ‘‘त्यांनी स्वतःच्या घरी इन्व्हर्टर बसवला होता का?’’

पुढची हकिकत तिला जास्त आवडली. २०२३ च्या फेब्रुवारीत ऑस्टिनमध्ये पाऊस पडता पडता गोठला, झाडांवर बर्फाचे थर चढले आणि फांद्या मोडून तारांवर पडल्या. पुन्हा लाइट गेली, काही भागांत कित्येक दिवस. पुतण्याचा डबा होता, पण तो गॅरेजात गारठला होता. ही बॅटरी शून्याखाली वीज देते, घेत मात्र नाही. थोडीफार होती ती संपली, आणि गाडीवरून चार्ज करायला गेला तर डबा ढिम्म. शेवटी त्यानं त्याला घरात आणून रजईत गुंडाळून ठेवलं.

‘‘म्हणजे तिथेही फांदीच!’’ आई म्हणाली. इतक्या वर्षांत अमेरिकेबद्दल तिला पहिल्यांदाच आपलेपणा वाटला.

पुतण्याचा आग्रह होता की तो गणपतीला येताना एक डबा घेऊन येईल. दोन अडचणी होत्या. एक तर तिकडचा डबा एकशे वीस व्होल्टचा, साठ हर्ट्‌झचा. त्यावर आमचा पंखा लावला असता तर त्याला दिवसा झोप आली असती. आणि दुसरं म्हणजे विमानात एकशे साठ वॉट-तासांच्या वरची लिथियम बॅटरी प्रवाशाला नेताच येत नाही. शंभरपर्यंत बिनबोभाट, शंभर ते एकशे साठ विमान कंपनीला विचारून, त्यापुढे नाही. हा तर हजाराचा. ‘‘कपड्यांत गुंडाळून आण,’’ आई म्हणाली. तिच्या हयातीत अमेरिकेहून आलेली प्रत्येक वस्तू कपड्यांत गुंडाळूनच आली आहे.

त्यानं तिकडून एक तक्ता मात्र पाठवला. पहिला रकाना: अत्यावश्यक उपकरणं. ‘‘काका, आधी लोड काढा. काय काय चालवायचंय ते ठरवा, मग डबा निवडा.’’ अत्यंत शहाणा सल्ला. त्यावरून आमच्या घरात तीन दिवस जे झालं ते ग्रामसभेतही झालेलं मी पाहिलेलं नाही.

मी माझ्या समजुतीनं यादी केली होती: सहा दिवे, दोन पंखे, मोबाइल. सौ.नं ती वाचली आणि शांतपणे विचारलं, ‘‘फ्रीज?’’ आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्यामुळे मे अखेरीला आमचा फ्रीजर म्हणजे हर्णै बंदराची शाखा असतो. सुरमईच्या तुकड्या, कोळंबी, शिवाय आटवलेला आमरस. लाइट गेली की सगळ्या घराचा जीव त्या फ्रीजरमध्ये अडकतो आणि कुणी दार उघडलं तर ‘‘थंडी बाहेर जाते!’’ म्हणून ओरड होते. मी म्हणालो, ‘‘फ्रीजला फार लागते.’’ मुलगी उठली, फ्रीजच्या दारावरचं ताऱ्यांचं लेबल वाचून आली. वर्षाला २१९ युनिट. भागिले तीनशे पासष्ट. दिवसाला ०.६ युनिट. म्हणजे चोवीस तासांना सहाशे वॉट-तास.

मग तिनं माझा पंखा काढला. जुना, छतावरचा, पंचाहत्तर वॉटचा. रात्रीचे आठ तास म्हणजे सहाशे. ‘‘बाबा, तुमचा एक पंखा रात्रीत जेवढी वीज खातो, तेवढीत फ्रीज अख्खा दिवस चालतो.’’

मी पंख्याकडे पाहिलं. तो नेहमीसारखा निरागसपणे फिरत होता.

यानंतर सौ.नं दुसरी मागणी टाकली: मिक्सर. मी हसलो. मिक्सर साडेसातशे वॉटचा! दहा पंख्यांचा मिळून एक! हे तर डबा पाच मिनिटांत पिऊन टाकणार. ‘‘वाटण किती वेळ करते मी?’’ सौ.नं विचारलं. तीन मिनिटं. मुलीनं कॅल्क्युलेटर चालवला. साडेसातशे वॉट, तीन मिनिटं, साडेसदतीस वॉट-तास. माझ्या पंख्याच्या अर्ध्या तासाएवढे. दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. इतकी वर्षं मी ‘मिक्सर लावू नकोस, इन्व्हर्टरवर आहे’ असं म्हणत आलो होतो. त्या प्रत्येक वेळेचं वाटण पाट्यावर झालेलं होतं. आता वॉट-तासांच्या भाषेत त्याचा हिशेब मांडता येत होता आणि तो मांडला जात होता.

या शास्त्राचा एक धोका आहे, तो माझ्यासारख्यांनी आधीच ओळखायला हवा होता. घरात कोण किती खातं हे त्यात आकड्यानं कळतं.

आईच्या मागण्या दोनच होत्या. देवघरातला विजेचा नंदादीप, एक वॉट. आणि संध्याकाळी अर्ध्या तासाची मालिका, शंभर वॉटच्या टीव्हीवर, म्हणजे पन्नास. तिला कुणी हरकत घेतली नाही. विहिरीवरचा एक अश्वशक्तीचा पंप मात्र एकमतानं बाद झाला. तो चालू असताना हजारभर वॉट घेतो हे एकवेळ चाललं असतं. पण सुरू होताना एका क्षणाला त्याच्या कितीतरी पट ओढतो. तो क्षण आला की हे सगळे गोंडस डबे लाल दिवा दाखवून बसकण मारतात. फ्रीजच्या कॉम्प्रेसरचंही तेच, लहान प्रमाणात. म्हणून डबा घेताना नुसतं ‘किती वॉट’ विचारून भागत नाही, धक्का किती सोसतो तेही विचारावं लागतं. लग्न जमवताना विचारतात तसंच.

मुलीचं काम घरून चालतं. तिला लॅपटॉप आणि राउटर हवा होता, आणि लाइट जाताना कॉल तुटता कामा नये अशी अट होती. डब्याच्या कागदावर लिहिलं होतं, वीस मिलिसेकंदांत बॅटरीवर येतो. डोळ्याचं पातं लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. मी प्रभावित झालो. पण लाइट गेल्यावर आमचं इंटरनेट राउटर चालू असूनही जातं, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. शोध घेतला तर कळलं की केबलवाल्याची फायबरची पेटी समोरच्या काकांच्या पडवीत, त्यांच्याच सॉकेटवर आहे, आणि तो सॉकेट त्यांच्या इन्व्हर्टरवर नाही. अख्ख्या वाडीचं इंटरनेट काकांच्या एका पिनवर अवलंबून! मी जाऊन विनंती केली, ‘‘काका, ती पिन तेवढी इन्व्हर्टरच्या बोर्डावर लावाल का?’’ काका म्हणाले, ‘‘लावतो की. पण मग लोड वाढतो हो.’’ पेटी दहा वॉटची. काकांच्या आवाजात मात्र दहा किलोवॉट होते. ओल्या काजूगरांवर प्रकरण मिटलं.

एव्हाना बेरीज झाली होती. दोन पंखे एक रात्र, बाराशे. इथेच डबा संपला, फ्रीज अजून रांगेत. मोठा डबा घ्यायचा तर किंमत दीड लाखाच्या पुढे. मी उन्हाच्या पत्र्यांचा विषय काढून पाहिला. सोलर पॅनेल जोडलं की दिवसा आपोआप भरेल! पण कोकणात ज्या चार महिन्यांत लाइट जाते त्याच चार महिन्यांत ऊन जातं. जेव्हा ऊन रग्गड असतं तेव्हा फांद्या झाडावरच असतात. तो विषय मीच मागे घेतला.

शेवटी मार्ग काढला तो दुकानदारानंही नाही, पुतण्यानंही नाही; वायरमननं. फ्यूज टाकून झाल्यावर चहाला थांबला होता. आमचा कागद बघून म्हणाला, ‘‘डबा मोठा कशाला करताय? पंखा बदला की.’’ बीएलडीसी पंखे, तीस वॉटचे, तीन-तीन हजारांना. दोन पंखे रात्रभर चारशे ऐंशी. एका फटक्यात सातशे वीस वॉट-तास वाचले. डब्याच्या भावात एवढे घ्यायला गेलो असतो तर साठ हजार. सहा हजारांत झाले. माझं स्पष्ट मत आहे की बॅकअपच्या दुकानात जाण्याआधी माणसानं पंख्याच्या दुकानात जावं. हे मत दुकानदाराला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘‘पंखेही आहेत आपल्याकडे.’’

आता ट्युब्युलर की डबा? पैशाच्या हिशेबात ट्युब्युलरच, यात मला शंका नाही. पंधरा-सोळा हजारांत नवी बॅटरी, जुनीचे शिशाच्या भावानं दोन-तीन हजार वजा. चार-पाच वर्षं काळजी नाही. डब्यावाल्यांचं म्हणणं, हा तीन हजार वेळा भरा-उपसा, तरी ऐंशी टक्के शिल्लक. आमच्याकडे वर्षाला साठ वेळा मोठी लाइट जाते असं धरलं तर पन्नास वर्षं. ‘‘म्हणजे वारसनोंद करावी लागेल,’’ सौ. म्हणाली. (बॅटरी वापरली नाही तरी वयानं म्हातारी होतेच. पन्नास वर्षांची गोष्ट कागदावरच खरी. पण वारसनोंदीचं म्हणणं मला पटलं.)

मी ट्युब्युलर घ्यायला निघालोच होतो. चपला घातल्या होत्या. तेवढ्यात आईनं विचारलं, ‘‘ते निसर्ग वादळ पुन्हा आलं तर?’’

३ जून २०२०. वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं, पण त्यानं दापोली-मंडणगडलाही सोडलं नाही. आमची अकरा झाडं उन्मळली, खांब तर काडीसारखे मोडले होते. इन्व्हर्टर पहिली रात्र चालला, दुसऱ्या संध्याकाळी टुंऽ केलं, आणि त्यानंतर महिना व्हायला आला तेव्हा लाइट आली. तेवढे दिवस ती साठ किलोची बॅटरी जिन्याखाली रिकाम्या हंड्यासारखी बसून होती. गावात एकानं टेंपोत जनरेटर आणला होता. तो वाडीवाडीत फिरायचा, विहिरीचा पंप तासावर चालवून द्यायचा आणि मोबाइल दर नगावर चार्ज करायचा. त्याच्याकडे आम्ही रांगेत मोबाइल घेऊन उभे राहिलो होतो. बॅटरी नेऊ शकलो नव्हतो.

‘‘हा डबा उचलता येतो ना?’’ आई म्हणाली. ‘‘मग जिथे लाइट असेल तिथे रिक्षात घालून न्यायचा, भरून आणायचा. विहीर आटली की खालच्या विहिरीवरनं आणत होतोच की कळशी.’’

इतके दिवस ‘पोर्टेबल’ हा शब्द मला चेष्टेचा वाटत होता. घरातला दिवा उचलून न्यायचा कुठे, ओटीवरून पडवीत? आता त्याचा अर्थ कळला. पुतण्याला चार तक्त्यांत तो समजावता आला नव्हता. मुलीनं निम्मे पैसे घातले. मी चपला घातलेल्याच होत्या.

डबा आला. दीड तासात शंभर टक्के भरला. हळदकुंकू वाहिलं. वापर नसला की ठरावीक वेळानं आपोआप बंद पडण्याची त्यात एक सोय असते, ती मी आधीच काढून टाकली. सरकारी कचेरीसारखं ऐन वेळी झोपलेलं मला चालणार नव्हतं. फ्रीजपाशी एक, पंख्याच्या बोर्डापाशी एक, अशा वायरी तयार ठेवल्या. मग आम्ही लाइट जायची वाट बघू लागलो. नऊ दिवस गेली नाही. आमच्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा अखंड वीजपुरवठा असावा.

दहाव्या रात्री साडेनऊला गेली. सगळ्यांची की आपलीच हे विचारायलाही कुणी ओटीवर गेलं नाही; सगळे डब्याभोवती. मी बटण दाबलं. हिरवे आकडे उमटले: १००. वायर हातात घेतली, तेवढ्यात आई म्हणाली, ‘‘आत्ताच कशाला?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘आत्ता साडेनऊ वाजलेत. रात्रभर नाही आली तर? भरून ठेवलेलं पाणी कुणी संध्याकाळीच संपवतं का? पाऊस पडतोय, गार आहे, पंखा कशाला हवाय?’’

यात चूक काढता येईना. सौ. म्हणाली, फ्रीजचं दार उघडलं नाही तर तीन-चार तास काही होत नाही. मुलीचा लॅपटॉप भरलेला होता. मालिका होऊन गेली होती. मी मेणबत्ती शोधायला उठलो, तर आई म्हणाली, ‘‘या आकड्यांचा उजेड पडतोय की.’’ मग त्या हिरव्या उजेडात ती उद्यासाठी लसूण सोलत बसली, सौ. तिच्या शेजारी, आणि मी समोर, डब्यावर हात ठेवून. अंधारात पंच्याऐंशी हजारांचा लसूण सोलला जात होता. बाहेर काका ओरडले, ‘‘तुमची आहे काय होऽऽ?’’ मी ओरडलो, ‘‘पॉवर स्टेशनवर आहे होऽऽ!’’

एकला लाइट आली. तोवर आई जागीच होती. मी डबा बंद करायला वाकलो तर तिनं थांबवलं आणि चष्मा लावून आकडा वाचला. ९६.

‘‘मघाशी शंभर होते ना?’’

‘‘हो.’’

‘‘आपण काय लावलं?’’

‘‘काहीच नाही. पण डबा चालू ठेवला की तो स्वतःसाठी थोडी वीज घेतो. तासाला दहा-बारा वॉट-तास. साडेतीन तासांत चार टक्के. सगळ्याच कंपन्यांचं असंच असतं आई, ते तंत्रच...’’

आईनं लसणीची सालं गोळा करून सुपात घेतली आणि उठता उठता म्हणाली, ‘‘म्हणजे कळशी गळकी आहे.’’